नेटवर्कच्या स्विचची पॉवरची वायर उपटू नका रे, हात जोडतो!

काल रात्री पावणेबाराला फोन, पॅकिंगचे सगळे स्कॅनर मेलेत. मी म्हटलं कशालाच हात लावू नका, निघालोय. दोनदा सांगितलं! चाकणला पोचलो तर सुपरवायझर खुशीत, "सर, झालं पण चालू, स्विच बंद करून चालू केला." अरे काय केलंस हे! स्विच म्हणजे स्कॅनर नेटवर्कला जोडणारा डबा, त्याचा लॉग, म्हणजे काय कधी झालं याची नोंद, त्याच्या रॅममध्ये असतो, करंट गेला की लॉग गेला. नक्की काय झालं ते सांगणारा एकच साक्षीदार होता, त्यालाच मारलात.

लॉग उघडला तर पहिल्या ओळीची तारीख १ मार्च १९९३. वेळ सांगणारं कोणी नसलं की हा स्विच तिथूनच मोजायला लागतो. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ बरोबर ठेवणारी सोय, लावा म्हणून मी वर्षभर मेल टाकतोय, प्रत्येक वेळी उत्तर एकच, चेंज विंडो, म्हणजे बदल करायला ठरवून दिलेली वेळ, नाही. लॉग स्विचबाहेर साठवणाऱ्या सिसलॉग सर्व्हरला एक जुना पीसी मागितला, फक्त एक, तोही नाही. स्विचमधली लॉगची जागा, म्हणजे बफर, ४०९६ बाइटचा, म्हणजे चाळीसेक ओळी, आणि एक खराब पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी नेटवर्क वायर, रात्रभर अप-डाऊन अप-डाऊन करत राहिली की कामाची ओळ पुसलीच म्हणून समजा. आणि पोर्टला, म्हणजे वायर खोचायच्या भोकांना, नावं द्यायची तर कुणाला इच्छाच नाही, १७ नंबरची वायर कुठे जाते विचारा, इलेक्ट्रिशियन वर छताकडे बोट दाखवतो!

मग बसलो रॅकसमोर स्टुलावर, परत होणार हे माहीत होतं. झालंच. मॅक फ्लॅपच्या ओळी धडाधड, म्हणजे एकाच मशीनचा पत्ता एकदा पोर्ट १७ वर, एकदा २४ वर, २४ म्हणजे आमची अपलिंक, बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी वायर. स्विचच्या घड्याळात वेळ ०२:१७. म्हणजे स्विच चालू केल्यापासून सव्वादोन तासांनी, पण चालू केला कधी? एक म्हणतो पावणेबारा, दुसरा म्हणतो बारा वाजून गेलेले. माझ्या घड्याळातून सव्वादोन तास वजा केले तर चालू केल्याची वेळ मिळेल, पण पहिल्यांदा कधी बंद पडलं ते त्यातून नाही कळत. पोर्ट १७ शटडाऊन केला, ओळी थांबल्या, स्कॅनर परत आले. मग १७ ची वायर हाताने चाचपत गेलो, पॅकिंगच्या टेबलाखाली खोक्यांच्या मागे एक पाच पोर्टचा छोटा स्विच, कुणी आणून ठेवला देव जाणे, आणि एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्यातच खोचलेली. लूप! डेटा त्यातच गोल गोल फिरत राहतो. लोंबणारी वायर दिसली की रिकाम्या भोकात खोचायची ही कसली सवय आहे?

पहिला लॉग शाबूत असता तर हे दहा मिनिटांचं काम होतं. पहाटे साडेचारला घरी आलो. आणि सकाळी ९ ला मेल, "फेल्युअरची अचूक वेळ आणि रूट कॉज (मूळ कारण) १ वाजेपर्यंत पाठवा." कुठून आणू अचूक वेळ? ती त्याच लॉगमध्ये होती, रात्री तुमच्याच माणसाने वायर उपटून घालवली.