पांढरी पाच, किंचित चढी

गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलमधून गिटारचा आवाज तेवढा येत नव्हता, बाकी सगळं येत होतं. मुख्य म्हणजे एक जाडसर, अखंड घूंऽऽ. स्विच दाबा, नका दाबू, ते आपलं चालूच. आणि या घूंकाराचं माझ्याच पडवीत, माझ्यादेखत जे कौतुक झालं, ते मला अजून पचलेलं नाही.

पेडल बॉस कंपनीचं, डीएस-वन, तेच ते नारंगी. सेकंडहँड घेतलं, पण ठणठणीत होतं. त्याच्या पोटात दोन सिलिकॉन डायोड असतात, एकमेकांच्या उलट तोंडांनी जोडलेले. सिग्नल साधारण 0.6 व्होल्टच्या वर चढला की ते लाटेचा शेंडा छाटतात. या छाटाछाटीलाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. त्यांच्या जागी लाल एलईडी लावले की छाटणी 1.7 व्होल्टच्या आसपास सुरू होते, आवाज मोठा आणि मोकळा होतो. जगभरची पोरं हा उद्योग करतात. मी एलईडी लावले, झाकण बसवलं, आणि घूं.

नेमके तेव्हाच शेजारचे काका आले. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि उरलेल्या वेळात लोकांच्या पडव्यांवर बसतात.

"कितें चल्लां रे?"

"पेडल बिघडलंय, काका."

काकांनी उत्तर ऐकलंच नाही. त्यांनी उजवा कान ॲम्प्लिफायरकडे वळवला, डोळे मिटले आणि तर्जनी वर करून मला गप्प केलं. मी सोल्डरिंग आयर्न धरून उभा. टोकावर कथिलाचा थेंब लुकलुकतोय, रोझिनचा धूर नेमका माझ्या डोळ्यांत जातोय, आणि काका समाधीत.

"पांढरी पाच," ते म्हणाले.

"काय?"

"तुझं यंत्र. पांढरी पाचला लागलंय. किंचित चढी."

मी हसलो. काका हसले नाहीत. ते घरी गेले आणि पेटी घेऊन आले. माझे स्क्रू, पक्कड, मल्टिमीटर कोपराने बाजूला सारून पेटी मांडली, भाता हलवला आणि पांढऱ्या पाचवर, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, बोट ठेवलं. दोन्ही सूर एकमेकांशेजारी उभे राहिले, मध्ये बारीकशी थरथर. "बघ. केसभर वर आहे."

म्हाताऱ्याचं बरोबर होतं, आणि राग त्याचाच जास्त आला. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला 50. पांढऱ्या पाचचा अगदी खालचा सूर 49 चा. म्हणजे आपल्याकडे घरोघरी भिंतीतून जी वीज वाहते ती पांढरी पाचच्या जरा वरून गात असते, आणि कुठे ग्राउंडची वायर तुटली की ऐकू येते. हे मला हिशेब करून कळलं. काकांना नुसतं कळलं.

पुढे व्याख्यान. "गायिका केसरबाई केरकर आपल्या केरीच्या, फोंडा तालुक्यातल्या. 1977 साली त्यांचा आवाज व्हॉयेजर यानात घालून आकाशात पाठवला. का? सूर स्वच्छ! आणि तुम्ही पैसे देऊन सूर खराब करणारी डबी आणता." हे पेडल 1978 मध्ये बाजारात आलं, म्हणजे माणसाने आपला उत्तमोत्तम आवाज अंतराळात धाडला आणि लगेच दुसऱ्या वर्षी हे केलं, हा मुद्दा मीच त्यांना पुरवला. तो ते अजून वापरतात.

मला खरं तर बिघाड शोधायला एक प्रोब करायचा होता. वायरीच्या टोकाला 104 नंबरचा कपॅसिटर लावायचा, दुसरं टोक ॲम्पमध्ये, आणि सर्किटवर टप्प्याटप्प्याने टेकवत जायचं. आवाज जिथे मरतो तिथे रोग. म्हाप्शाच्या एका दुकानात कपॅसिटर मागितला. "पंख्याचा?" नाही. "मग पंपाचा?" नाही हो, छोटा, तुरीच्या डाळीएवढा. दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला पंख्याचाच कपॅसिटर दिला. या गोव्यात ज्याला त्याला काहीतरी वाजवता येतं. घुमट आहे, व्हायोलिन आहे, ट्रम्पेट आहे. किनाऱ्यावर रात्री 10 नंतर वाजू नये तेही वाजतं. पण वाजवायची वस्तू मोडली, की भाग मुंबईहून मागवा किंवा "नवीनच का नाही घेत?" हे ऐकून घ्या. नवीन घ्यायला पैसे कुणाचा काका देणार?

ते असो. कपॅसिटर येईपर्यंत आमच्या पडवीत महिला भजनी मंडळाची तालीम सुरू झाली. त्यांची पट्टी पांढरी पाच. काकांनी पेटीचे सूर त्या घूंकाराला मिळवायची खटपट केली, जमलं नाही, तेव्हा त्यांनी बायकांनाच केसभर वर गायला लावलं. माझ्या आईने सगळ्यांना चहा दिला. निघताना काका पेडलची वायर तशीच ठेवून गेले. या पेडलमध्ये इनपुटची वायर घातली की बॅटरी सुरू होते, काढली की बंद. सकाळी 9 व्होल्टची बॅटरी मेलेली.

आणि घूं चालूच!

बॅटरी नाही म्हणजे सर्किट मेलेलं. तरी आवाज येतोय, तर एलईडींचा काही संबंध नाही. मी उगाच त्यांच्यावर संशय घेत बसलो होतो. मल्टिमीटर लावला: आउटपुट जॅकची काळी, ग्राउंडची वायर बाहेरून धडधाकट, आवरणाच्या आत तुटलेली. नवी वायर, दोन ठिकाणी सोल्डर, चहा निवायच्या आत काम संपलं. या शोधाचं श्रेय काकांना जातं असं आई म्हणते. बॅटरीचे पैसेही त्यांच्याकडे जायला हवेत असं मी म्हणतो. त्यावर आई काही म्हणत नाही.

पेडल आता असं वाजतं की पहिल्या कॉर्डला पडवीतली मांजर उठून गेली. काका धावत आले. बराच वेळ ऐकलं.

"बिघडवलंस."

"काका, हे असंच वाजायला हवं."

"मग पहिलं बरं होतं. परत तसं होईल? गणपतीची चवथ जवळ आली."

मी मोबाईलमधला तानपुरा सुचवला. त्याला दम नाही म्हणाले. काल संध्याकाळी ते मंडळाचा ॲम्प रिक्षात घालून घेऊन आले: "याला पांढरी पाच येत नाही, बघ जरा." मी उघडून बघितला. ॲम्प एकदम चांगला आहे, कुठेही काही तुटलेलं नाही, असं सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझ्याच्यान् व्हायचं नाही?"