‘अनुभव नाही, तर लॅबमध्ये कोण घेणार?’

इंदूरच्या बी.एस्सी.च्या मुलांत एक मेसेज फिरतोय: ‘अनुभवाशिवाय लॅबमध्ये कुणी उभं करत नाही. आधी ऑनलाइन सर्टिफिकेटं जमवा, मग शंभर प्रोफेसरांना मेल टाका. आणि आयआयटीच धरा.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी अनुभवाचं. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीच्या वर्षाला 80,000 रुपयांतले 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात, आणि ती मिळते मुख्यतः बारावीच्या गुणांवर. म्हणजे मूल कोरं येणार हे गृहीतच आहे. सरांची अडचण निराळी असते. नव्या मुलाला शिकवायचं काम पडतं पीएच.डी. करणाऱ्याच्या गळ्यात. त्याने तीन आठवडे घालवून बफर द्रावण बनवायला, पिपेट धरायला शिकवावं आणि चौथ्या आठवड्यात मुलगा ‘परीक्षा आली’ म्हणून गायब! तेव्हा वेळ आधीच लिहून द्या: दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी 2 ते 6, निदान सहा महिने, परीक्षेचे अमुक दोन आठवडे वगळून.

शंभर मेलचा सल्ला तर सरळ नुकसानीचा. साचेबंद मेल पहिल्या ओळीतच ओळखू येते. त्यात मॅडमना ‘रिस्पेक्टेड सर’ गेलं की संपलंच. सहा-सात लॅब निवडा. प्रत्येकीचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर घ्या. आधी सारांश, मग आकृत्या, शेवटी पद्धती. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. त्यातून एक नेमकी शंका निघाली की पुरे: ‘आकृती 3 मध्ये 10 केल्विनखाली विद्युत रोध पुन्हा का वाढतो?’ ‘तुमचं काम फार आवडलं’ ही शंका नव्हे. मेल दीडशे शब्दांची. सोबत एकपानी बायोडाटा आणि गुणपत्रिका, एकाच पीडीएफमध्ये. दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.

सर्टिफिकेटाऐवजी स्वतःच्या प्रॅक्टिकलची आकडेवारी पायथनमध्ये, त्रुटीपट्ट्यांसह (एरर बार), आलेखावर मांडा. उत्तर चुकलं असेल तर का चुकलं, हेही त्याच पानावर लिहा.

राहिली आयआयटी. ती शहराबाहेर सिमरोलला, दुपारच्या चार तासांतला बराच वेळ जाण्यायेण्यातच जाईल. खंडवा रोडवर विद्यापीठाचे विभाग आहेत, शेजारीच यूजीसी-डीएईचं (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं) संशोधन केंद्र आहे. आणि आधी आपल्याच कॉलेजात विचारा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, ते प्रॅक्टिकलला तुम्हाला पाहिलेले सरच लिहू शकतात. या फेलोशिपचे अर्ज हिवाळ्यातच बंद होतात. मार्चमध्ये धावाधाव करून उपयोग नाही.