फेणीचं पेटंट आणि भावोजींची ताडपत्री

रविवारी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बहिणीकडे गेलो. फेणीसाठी लागणाऱ्या काजूच्या बोंडूंचा ऐन हंगाम, आणि भावोजी कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या कुंडीत, उतरून पायांनी बोंडू तुडवत होते. गेल्या वर्षी वेल्डरच्या डोक्यावर बसून करून घेतलेलं पिळायचं यंत्र अंगणाच्या कोपऱ्यात, निळ्या ताडपत्रीखाली. विचारलं तर मोबाइल पुढे केला:

"अमेरिकेतील पेटंट ट्रोल कंपनीने फेणीचे पेटंट घेतले आहे. बोंडू पिळण्याचे यंत्र वापरल्यास २० वर्षे रॉयल्टी. नोटीस आल्यास भांडू नका, मागतील ते देऊन मोकळे व्हा, ब्लॅकबेरीनेही दिले. वाचायचे असल्यास आमच्यामार्फत जागतिक पेटंट घ्या."

खाली नंबर. हाच मजकूर मलाही तीन ग्रुपांवरून आला होता. मी हसून पुसून टाकला होता.

फेणीला २००९ पासून आहे ते भौगोलिक मानांकन. त्याने गोव्याबाहेरच्या कुणाला फेणी हे नाव लावता येत नाही, एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानाला आपल्याकडे पेटंट मिळतच नाही. पेटंट कायदा १९७०, कलम ३(पी). अमेरिकेत १९९५ साली हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं होतं खरं, पण सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. शिवाय अमेरिकेचं पेटंट अमेरिकेपुरतं. आणि जागतिक पेटंट नावाची वस्तूच नाही. अर्ज एका वाटेने अनेक देशांत नेता येतो. पेटंट द्यायचं की नाही ते ज्याचा तो देश ठरवतो. तो नंबर कसला, ते कळलंच असेल.

माझं डोकं फिरलं ते "देऊन मोकळे व्हा" वाचून. ट्रोलचा सगळा धंदाच त्यावर चालतो. स्वतः काही बनवायचं नाही, पेटंटं विकत घेऊन बसायचं आणि वकिलाच्या फीपेक्षा थोडी कमी रक्कम मागायची. अमेरिकेत एमपीएचजे नावाच्या कंपनीने १६ हजारांवर छोट्या धंदेवाल्यांना पत्रं धाडली: कागद स्कॅन करून ईमेल करता ना, मग माणशी हजारेक डॉलर टाका. खटल्याची धमकी होती, खटल्याची तयारी नव्हती. २०१४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्यांना चाप लावला. जे घाबरले ते तोवर देऊन बसले होते.

आपल्या पेटंट कायद्यात कलम १०६ आहे. पोकळ धमकी आली तर तुम्हीच कोर्टात जायचं. उल्लंघन झालंय हे धमकी देणाऱ्याने सिद्ध करायचं, नाही जमलं तर भरपाई त्यानेच द्यायची. नुसतं "आमचं पेटंट आहे" असं कळवणं मात्र धमकीत मोडत नाही.

ब्लॅकबेरी या फोन कंपनीने पेटंटच्या खटल्यात २००६ मध्ये ६१.२५ कोटी डॉलर मोजले, हे खरं. कोर्टाच्या मनाई हुकुमाने सेवा बंद पडायची वेळ आली होती त्यांची. पुढच्या अडीच महिन्यांतच ईबे या ऑनलाइन बाजाराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा सरसकट मनाई हुकुमांना लगाम घातला, ते मात्र मजकुरात नाही. आणि आपण अगदी सुरक्षित आहोत असंही नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. दोन सिमच्या फोनवरच्या एका भारतीय पेटंटाच्या जोरावर २००९ मध्ये कस्टम्सने आयात अडवली होती. ते पेटंट रद्द व्हायला २०१२ उजाडलं.

आता ताडपत्री. भावोजी, पेटंट कायद्याचं कलम २५ वाचा. जी गोष्ट आधीपासून देशात उघड वापरात आहे तिच्यावर कुणी पेटंट मागितलं, तर ते मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. म्हणजे तुमचं यंत्र चारचौघांत चाललं, त्याचे तारखेचे फोटो राहिले, तर तोच तुमचा पुरावा. झाकून ठेवलंत तर उद्या दाखवणार काय?

"वेल्डरचं बिल आहे ना?" मी विचारलं.

"बिल कसलं? दोन बाटल्या हुर्राक दिला त्याला."

सोमवारी वेल्डरकडे गेलो. मागची तारीख घालायला निघाला होता. म्हटलं, आजचीच घाल आणि यंत्र कधी केलंस ते खाली लिही.