सही केली ती पाळायची, मान्य. पण सही कशावर होती?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या कॉन्फरन्स-बदलांवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांनी चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. तिचा सारांश असा: "स्वतःच्या हाताने सही करून मग कोर्टात रडत जाणाऱ्या फ्लोरिडा स्टेटची तुम्ही वकिली करता. पॅक-१२ लोभापायी बुडाली, तुम्ही मात्र खापर कागदावर फोडता. करार मोडणाऱ्यांना चाप लावायचा सोडून एसीसीने २०२५ मध्ये शरणागती पत्करली. या सगळ्या बाजारात सचोटीने वागली ती ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठं." उत्तर लांबलं, म्हणून इथे स्वतंत्रपणे देतोय. (नव्या वाचकांसाठी: कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा गट. पॅक-१२, एसीसी, बिग टेन, बिग १२ आणि एसईसी हे असेच गट. फ्लोरिडा स्टेट हे एसीसीचं सभासद विद्यापीठ, तिच्याविरुद्ध कोर्टात गेलेलं.)

आधी लोभाचं बघू. लोभ होताच, त्याबद्दल आपलं भांडण नाही. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने दर विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले होते आणि पॅक-१२ च्या कुलगुरूंनी ५ कोटी मागितले, अशा बातम्या तेव्हा सगळीकडे होत्या. पण लोभी कोण नव्हतं? बिग टेन काय धर्मादाय संस्था आहे? लोभ सगळीकडे सारखाच असताना पॅक-१२ चाच बाजार का उठला आणि एसीसी का तगली, हा माझ्या लेखातला प्रश्न होता. त्याचं उत्तर मला तरी तारखांमध्ये दिसतं.

पॅक-१२ ने २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी १२ वर्षांचा, ३०० कोटी डॉलरचा करार केला. त्या काळी तो सगळ्यात मोठा मानला गेला. त्याची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होती, आणि सभासदांनी कॉन्फरन्सला लिहून दिलेले प्रक्षेपण-हक्कही तेव्हाच मोकळे होत होते. आता यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी ३० जून २०२२ ला केलेली घोषणा बघा: आम्ही बिग टेनमध्ये जातोय, पण ऑगस्ट २०२४ पासून. मुदत संपेपर्यंत थांबले, मग गेले. निघण्याबद्दल दंडाचा एक डॉलरही भरावा लागला नाही. तुम्ही ज्यांना "करार मोडणारे" म्हणता, त्या, पॅक-१२ सोडून गेलेल्या दहाही विद्यापीठांनी करार शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. तुम्हाला त्यांचा राग येतो, मलाही येतो. पण तो करार मोडल्याचा राग नाही, हे निदान आपल्याशी तरी कबूल करू.

४ ऑगस्ट २०२३ ची सकाळ तर नमुनेदार आहे. कोलोराडो आठवडाभरापूर्वीच बिग १२ मध्ये गेलं होतं. उरलेल्या नऊ विद्यापीठांनी त्या सकाळी अॅपलच्या नव्या करारासाठी आपले हक्क पुन्हा लिहून द्यायचे, असा बेत होता. सह्या झाल्याच नाहीत. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे वळले, आणि दिवस मावळायच्या आत अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. शंभरेक वर्षांची कॉन्फरन्स एका दिवसात रिकामी झाली, कारण त्या दिवशी पुढचा कागदच अस्तित्वात नव्हता.

शब्दाची किंमत किती, तेही सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, पॅक-१२ आणि एसीसी यांनी मोठा गाजावाजा करून एक ‘अलायन्स’ जाहीर केली. टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत जाणार हे नुकतंच फुटलं होतं, सगळे धास्तावले होते. करार कुठे आहे, असं पत्रकारांनी विचारलं. तिन्ही कमिशनरांचं उत्तर असं की सही केलेलं काही नाही, आमचा एकमेकांवर विश्वास आहे. दहा महिन्यांनी त्यांच्यातल्याच बिग टेनने पॅक-१२ मधून लॉस एंजेलिस उचललं. तेव्हा मी कागदाच्या विरोधात आहे, हा समज कृपया काढून टाका.

आता एसीसी. २०१२ मध्ये मेरीलँडने बिग टेनची वाट धरली, तेव्हा एसीसीकडे फक्त एक्झिट फी, म्हणजे सोडून जाण्याचा दंड, होती, ५.२ कोटी डॉलरच्या घरात. कोर्टबाजी झाली आणि २०१४ मध्ये सुमारे ३.१ कोटींवर प्रकरण मिटलं. दंड कितीही लावा, घासाघीस करून कमी होतो, हा धडा एसीसीने त्याआधीच घेतला होता. एप्रिल २०१३ मध्ये तिने सगळ्या सभासदांकडून ‘ग्रँट ऑफ राइट्स’, म्हणजे टीव्ही हक्क कॉन्फरन्सला दिल्याचा कागद, लिहून घेतलं. हे प्रकरण दंडाहून फार वेगळं आहे. समजा, शेत तुमच्याच नावावर आहे, पण २०३६ पर्यंतचं पीक तुम्ही सोसायटीला लिहून दिलंय. उद्या तुम्ही सभासदत्व सोडलंत, तरी पीक सोसायटीच्याच खळ्यावर जाणार. फ्लोरिडा स्टेट एसईसीत गेलं असतं, तरी त्याच्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे हक्क एसीसीकडेच राहिले असते. असा सभासद कोणती कॉन्फरन्स घेईल? टीव्हीवर विकता येत नाही असा संघ कोणालाच नको असतो.

यातलं २०३६ हे साल पहिल्या कागदात नव्हतं. तो २०२७ पर्यंतच होता. २०१६ मध्ये एसीसी नेटवर्क या वाहिनीच्या बदल्यात मुदत नऊ वर्षांनी वाढली. फ्लोरिडा स्टेटने दोन्ही वेळा सही केली. इथपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि मूळ लेखातही मी तेच लिहिलं होतं. वकिली ती कसली?

मला खटकलं ते पुढचं. फ्लोरिडा स्टेटच्या दाव्यात म्हटलंय की ईएसपीएनबरोबरच्या मूळ कराराची प्रत विद्यापीठाकडे नाही. वाचायची असेल तर नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात, एसीसीच्या मुख्यालयात जाऊन, तिथेच बसून वाचायची. कल्पना करा, सरकारी विद्यापीठाचा वकील विमानाने शार्लटला जातो, एका खोलीत बसून आपल्याच विद्यापीठाला बांधणारा करार वाचतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. एप्रिल २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या अॅटर्नी जनरलना ती प्रत मिळवण्यासाठी वेगळा दावा लावावा लागला. त्याच वादातून आणखी एक गोष्ट उघड्यावर आली: ईएसपीएन २०२७ पर्यंतच बांधील होती, पुढची नऊ वर्षं घ्यायची की नाही ही तिची मर्जी. म्हणजे विद्यापीठं २०३६ पर्यंत अडकलेली आणि गिऱ्हाईक मोकळं. जानेवारी २०२५ मध्ये ईएसपीएनने मुदत वाढवली, हा भाग वेगळा. पण "सही केलीत ना, मग भोगा" असं म्हणताना, सही कशावर होती तेही बघायला हवं की नको?

कोर्टातली शर्यतही ऐकण्यासारखी आहे. ३ डिसेंबर २०२३ ला १३ पैकी १३ सामने जिंकलेलं फ्लोरिडा स्टेट राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या चार संघांतून वगळलं गेलं. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी होता, त्याच्याशिवाय हा संघ तोच उरला नाही, असं समितीचं म्हणणं. (हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता.) एसीसीविरुद्ध दावा लावायचा का, हे ठरवायला फ्लोरिडा स्टेटच्या विश्वस्तांची बैठक २२ डिसेंबरला होती. तिचा वास लागताच एसीसीने २१ लाच नॉर्थ कॅरोलिनातल्या कोर्टात दावा ठोकला. घरचं कोर्ट, घरचा कायदा. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडा स्टेटने आपल्या गावच्या कोर्टात. मार्च २०२४ मध्ये एसीसीच्याच क्लेम्सन विद्यापीठाने साउथ कॅरोलिनात तिसरी आघाडी उघडली. बाहेर पडायला एकूण ५७.२ कोटी डॉलर मोजावे लागतील, हा फ्लोरिडा स्टेटचा हिशेब. त्यात एक्झिट फी होती १३ कोटी आणि गमवायच्या टीव्ही हक्कांचे तब्बल ४२.९ कोटी.

४ मार्च २०२५ ला झालेल्या तडजोडीला तुम्ही शरणागती म्हणता. आकडे बघा. २०२५-२६ मध्ये निघायचं असेल तर १६.५ कोटी डॉलर. मग ही रक्कम दर वर्षी १.८ कोटीने उतरत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटींवर येऊन थांबते. पैसे भरले की हक्क विद्यापीठाकडे परत. शिवाय टीव्हीच्या पैशातला मोठा हिस्सा आता प्रेक्षकसंख्येप्रमाणे वाटला जाणार, म्हणजे फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सनला जास्त, बॉस्टन कॉलेजसारख्यांना कमी. एसीसीने यात गमावलं ते २०३६ पर्यंतचं कुलूप, आणि मिळवली पाच-सहा वर्षं. बिग टेनचे टीव्ही करार २०३० मध्ये संपतात, बिग १२ चे २०३१ मध्ये. सगळा बाजार पुन्हा मांडला जाणार तेव्हाच, आणि एक्झिट फीही नेमकी तेव्हाच तळाला टेकलेली असणार. याला मी शरणागती म्हणणार नाही. दोन्ही बाजूंनी निघण्याचा भाव आणि मुहूर्त ठरवून घेतला, एवढंच. टेक्सस आणि ओक्लाहोमानेही तेच केलं होतं: २०२५ ऐवजी २०२४ मध्ये निघायचे दोघांचे मिळून १० कोटी डॉलर.

कागदात जे नाही त्याला कोणी वाली नाही, हे मात्र मला अजूनही बोचतं. स्टॅनफर्ड आणि बर्कली आज अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आहेत. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात यावर बरीच रणधुमाळी झाली. एसीसीची सभासद असलेल्या इथल्या एनसी स्टेट विद्यापीठाने ऐनवेळी मत फिरवलं म्हणून ते आत आले. डॅलसचं एसएमयू तर नऊ वर्षं एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला वाटा न घेण्याच्या अटीवर आलं. यूसीएलए एकटं निघून गेल्याने बर्कलीचं नुकसान झालं, म्हणून त्याने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, असं दोघांचाही कारभार पाहणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मंडळाने ठरवलं. पैशाचे हिशेब असे काटेकोर लागतात. पण लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला व्हॉलीबॉल खेळायला जाणाऱ्या मुलींच्या बुडालेल्या तासांचं कलम यातल्या एकाही करारात नाही. फुटबॉलवाले हंगामात चार-पाचदा लांब जातात. जास्त भार बाकीच्या खेळांवर पडतो.

राहता राहिली तुमची दोन सचोटीची विद्यापीठं. बाकीचे दहा निघाल्यावर पॅक-१२ मध्ये ही दोनच उरली. त्यांच्याबद्दल मलाही आपुलकी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्स या, गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या छोट्याशा गावातल्या कोर्टात त्यांनी जे केलं, ते झकासच होतं. निघण्याची नोटीस दिलेल्या सभासदाला संचालक मंडळात जागा नाही, हे पॅक-१२ च्या पोटनियमातलं कलम. यूएससी आणि यूसीएलए निघाले तेव्हा याच दहांपैकी बाकीच्या आठांनी त्यांना त्याच आधारावर मंडळाबाहेर बसवलं होतं. आता तेच कलम त्यांच्यावर उलटलं. न्यायाधीश गॅरी लिबी यांनी मंडळाचा ताबा दोघांना दिला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल तपासायला नकार दिला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दोघांना खेळायला प्रतिस्पर्धी हवे होते. ते माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने एका हंगामापुरते दिले, मात्र एका अटीवर: आमचे सभासद पळवलेत तर पहिल्यासाठी १ कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी चढत्या दराने. सह्या झाल्या. वर्ष उलटायच्या आत, सप्टेंबर २०२४ मध्ये, पॅक-१२ ने त्याच माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट ही चार, आणि लगेच पाचवं युटा स्टेट उचललं. दंड झाला ५.५ कोटी डॉलर. आणि तो भरायच्या ऐवजी पॅक-१२ कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गेली: ही अटच स्पर्धाविरोधी आणि बेकायदा आहे, आम्ही अडचणीत असताना आमच्याकडून सही घेतली.

तो दावा दाखल झाला तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने होतात, हे पुढच्या प्रतिक्रियेत जरूर लिहा.