अँटेलोप गावाचं नाव त्या फॉरवर्डमध्ये कुठेय?

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर ओशोंचा तो लांबलचक मेसेज टाकला, वर्षानुवर्षं फिरतोय तोच. मी गप्प बसणार होते, पण खाली भाचीने विचारलं की हे कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये घेऊ का, आणि तिघांनी लगेच "हो घे ना" लिहिलं. म्हणून बसलेय लिहायला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ओशोंनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या निर्जन वाळवंटात स्वर्ग उभा केला, शेजारच्या कट्टर लोकांना ते बघवलं नाही, सीआयएने विषबाधेची खोटी केस रचली, काही गुन्हा नसताना अटक केली आणि तुरुंगात थॅलियम नावाचं विष देऊन मारलं.

जमिनीचं अर्धं खरं आहे, मान्य. १९८१ मध्ये ५७.५ लाख डॉलरला आश्रमासाठी घेतलेलं ते रँच, म्हणजे गुरांचं कुरण, ६४ हजार एकर, गुरं चरून चरून उजाड झालेलं होतं आणि संन्याशांनी, म्हणजे ओशोंच्या शिष्यांनी, तिथे धरण बांधलं, भाजीपाला पिकवला, मेहनत खरीच. पण निर्जन? साधारण २० मैलांवर अँटेलोप नावाचं गाव होतं. जेमतेम ४० माणसं, बरीचशी रिटायर्ड, एक कॅफे, एक पोस्ट, एक शाळा. ओरेगनमध्ये शेतजमिनीवर शहर वसवायला कायदा आडवा येतो, तो आल्यावर संन्याशांनी या गावात घरं घ्यायला सुरुवात केली. गावकरी इतके घाबरले की एप्रिल १९८२ मध्ये त्यांनी आपल्याच गावाची नगरपालिका विसर्जित करायला मतदान घेतलं, म्हणजे ताब्यात घ्यायला काही उरणारच नाही, पण तोवर नवे मतदार जास्त झाले होते आणि ते हरले. मग कौन्सिल संन्याशांच्या हातात गेलं, कर वाढले, शाळा गेली, कॅफेवर 'झोर्बा द बुद्धा' अशी पाटी लागली आणि १९८४ मध्ये गावाचं नावच बदलून 'रजनीश' केलं. तिथले काही लोक द्वेषाने वागले, हेही खरं, ओशोंच्या चेहऱ्यावर नेम धरलेली चित्रं त्या भागात फिरत होती आणि ते वाईटच. पण बाहेरून आलेल्यांनी मतांच्या जोरावर आपल्या गावाचं नाव पुसलं तर आपण काय केलं असतं, हे मावशी तूच सांग, तुझ्या गावच्या ग्रामपंचायतीत साधा वॉर्ड बदलला तर किती दिवस भांडण चाललं होतं.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. "विषबाधेची खोटी केस."

सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये अँटेलोप ज्या वास्को काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथल्याच द डॅल्स या गावात ७५१ लोक आजारी पडले. ताप, उलट्या, रक्ताचे जुलाब. ४५ जण हॉस्पिटलमध्ये. कोणी दगावलं नाही हे नशीब. आश्रमातल्या काही जणांनी पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू आश्रमाच्या लॅबमध्ये वाढवले, ते मिसळलेलं पाणी लपवून हॉटेलांमध्ये नेलं आणि जिथे लोक आपल्या हाताने सॅलड वाढून घेतात तिथे लेट्युसवर, ड्रेसिंगमध्ये, कॉफीच्या क्रीममध्ये ओतलं. १० हॉटेलं. कशासाठी, तर नोव्हेंबरमध्ये काउंटीच्या कारभारी मंडळातल्या ३ पैकी २ जागांची निवडणूक होती, त्या दिवशी लोक अंथरुणात राहिले तर आपले उमेदवार येतील, आणि ही त्याची रंगीत तालीम. त्याआधी ऑगस्टमध्ये रँच बघायला आलेल्या दोन काउंटी अधिकाऱ्यांना पाण्यातून तेच दिलं होतं, दोघंही आजारी पडले. आणि सुरुवातीला सरकारी आरोग्य खात्याने दोष दिला कोणाला? हॉटेलात काम करणाऱ्यांना, स्वच्छता पाळत नाहीत म्हणून! जवळजवळ वर्षभर ती माणसं तो ठपका घेऊन फिरली.

हे मी कुठल्या व्हिडिओतून सांगत नाहीये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १९९७ साली याच्यावर पूर्ण पेपर आलाय, आश्रमाच्या लॅबमध्ये सापडलेले जंतू आणि रुग्णांमधले जंतू एकच निघाले. भाचे, प्रेझेंटेशनमध्ये घ्यायचाच तर हा घे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ही माहीतच नाही की १६ सप्टेंबर १९८५ ला खुद्द ओशोंनी पत्रकार परिषद घेऊन आपली सेक्रेटरी शीला आणि तिच्या माणसांवर विषबाधेचे आरोप केले, चौकशी करा म्हणाले. शीलाने नंतर कोर्टात गुन्हे कबूल केले. मग सीआयएने काय रचलं? ओशोंना यातलं किती माहीत होतं यावर वाद आहे, तो असू दे. पण घटना झालीच नाही म्हणणं म्हणजे त्या ७५१ लोकांना खोटं ठरवणं आहे.

अटकेचं म्हणाल तर ओशोंवर इमिग्रेशनच्या खोट्या लग्नांची वगैरे केस होती. गुन्हा केला असं न म्हणता पण पुरावा पुरेसा आहे हे मान्य करून त्यांनी दोन आरोपांवर तडजोड केली, ४ लाख डॉलर भरले आणि देश सोडला. बेड्या घालून त्यांना या शहरातून त्या शहरात फिरवलं ते मलाही पटत नाही.

थॅलियमचा आरोप ओशोंनी केला १९८७ मध्ये, सुटून दोन वर्षांनी. १९ जानेवारी १९९० ला ते पुण्यात वारले, हार्ट फेल्युअर सांगितलं, पोस्टमॉर्टेम झालं नाही, त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले. मग मेसेजवाल्याला एवढी खात्री कुठून?

आणि अँटेलोप. ६ नोव्हेंबर १९८५ ला गावात पुन्हा मतदान झालं, जुनं नाव परत घ्यायचं का. ३४ विरुद्ध ०. त्यात उरलेल्या संन्याशांचीही मतं होती. मावशी, तुझा मेसेज मी तीनदा वाचला, त्यात हे नाव एकदाही नाहीये.