परदेशातली मास्तरकी: सुट्टी सांभाळून कशी करावी

परदेशात शिकवायला निघालात? छान. आता शाळेचं वार्षिक वेळापत्रक मागवा आणि त्यातला अभ्यासक्रमाचा भाग बाजूला ठेवा, तो मुलांसाठी असतो. तुमच्या कामाचे ते रंगवलेले चौकोन, सुट्ट्यांचे. पगाराचा आकडा न वाचता करारावर सही ठोकणारा मास्तर मी पाहिला आहे. सुट्ट्या न मोजता सही करणारा अजून भेटायचा आहे.

निघण्यापूर्वी एक किरकोळ काम उरतं, आपण शिकलेलो आहोत हे सिद्ध करण्याचं. शिक्क्यांवर शिक्के मारण्याचा जाच कमी व्हावा म्हणून 1961 साली हेगमध्ये देशांनी करार केला आणि अपोस्टिल नावाच्या एकाच दाखल्यावर काम भागेल अशी सोय केली. तुम्हाला नोकरी शक्यतो या करारात नसलेल्या देशातच मिळेल. मग पदवीवर शिक्का, तो शिक्का खरा असल्याचा दुसरा शिक्का आणि त्यावर वकिलातीचा तिसरा. एवढी पायपीट पदवीसाठी केली असती तर सुवर्णपदक घेऊनच निघाला असतात.

पोचलात की घर लावा. घरात कपडे धुण्याचं यंत्र असेल आणि त्यावर तुम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत सूचना असतील. शेजारी चित्रं: पाण्याची टोपली, एक पान, एक चंद्रकोर. घाबरू नका. जे बटण पहिल्या दिवशी चुकून दाबलं गेलं तेच जन्मभर दाबा. मी तिसरं वर्ष पाण्याच्या टोपलीवर काढतो आहे. पांढरे सदरे राखाडी झाले, पण माझं आणि यंत्राचं कधी वाजलं नाही. चंद्रकोर कशासाठी, हे शेजाऱ्यांना विचारू नका. आपण शिक्षक. विचारायचं मुलांनी.

स्थानिक भाषा जरूर शिका. एकच वाक्य घ्या, पंधरा दिवस आरशासमोर घोटा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन टाका. दुकानदार इंग्रजीत उत्तर देईल. खचू नका, महिनाभर तेच वाक्य टाकत राहा. एक दिवस तो त्याच्या भाषेत उत्तर देईल, वर काहीतरी विचारेलही. तुमचा ऊर इतका भरून येईल की काही न समजता तुम्ही ‘हो’ म्हणाल. आपण कशाला होकार दिला ते घरी आल्यावर कळतं. माझ्याकडे दोन मोठ्या बादल्या आहेत, झाकणासकट.

छोट्या आनंदांची वही ठेवा म्हणतात. ठेवा. कागद न अडकता चाळीस प्रती काढून देणारं झेरॉक्स मशीन. ऐनवेळी रद्द झालेली स्टाफ मीटिंग. वर्षभर तुमच्या नावाचं भरीत करणाऱ्या पोराने एके सकाळी ते अचूक उच्चारणं आणि लगेच तोंड फिरवून मित्राशी बोलायला लागणं, जणू काही झालंच नाही. पण हे सगळं वहीतच ठेवा. स्टाफरूममध्ये याला काडीची किंमत नाही. तिथे सोमवारी सकाळी एकच प्रश्न असतो: ‘या सुट्टीत कुठे?’ ‘इथेच’ हे उत्तर दिलंत तर लोक तब्येतीची चौकशी करतात.

तेव्हा आराखडा पाहिजेच. एक्सेलची शीट उघडा. एक रकाना देशाचा, एक व्हिसाचा, एक पासपोर्टच्या कोऱ्या पानांचा. पासपोर्टची मुदत अजून पाच महिने आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बऱ्याच देशांना सहा लागतात. तिकिटं लवकर काढा, किंवा उशिरा काढा. फरक पडत नाही. शाळा कधी बंद होतात हे विमान कंपन्यांना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त पाठ असतं. आणि शेंगेन! लक्झेंबर्गमधलं एक छोटं गाव, 1985 साली तिथे सीमेवरची तपासणी हटवण्याचा करार झाला. आज त्या गावाच्या नावाने 29 देश चालतात आणि पाहुण्याला नियम एकच: कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस मुक्काम. ते 180 दिवस रोज एकेक पाऊल पुढे सरकतात, म्हणजे हिशेब दर सकाळी नवा. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा फळ्यावर तो मांडून दाखवला. तास संपला, हिशेब संपला नाही.

हे सगळं जमलं की गंगेत घोडं न्हालं. आता सुट्टीच्या पहिल्या दिवशी आजारी पडा. हा भाग शीटमध्ये नसतो, पण चुकत कधीच नाही. सत्र चालू असताना शरीर निमूट उभं राहतं आणि शेवटची घंटा झाली की ताप काढतं. पाचव्या देशातल्या हॉटेलचं बुकिंग रद्द करा, मग चौथ्या, मग तिसऱ्या. घरी फोन लावून सगळं ठीक आहे असं सांगा. तिकडची पहिली दहा मिनिटं ‘तुझ्याकडे आत्ता किती वाजले’ यातच जातात, त्यामुळे घोगरा आवाज कोणाच्या लक्षात येत नाही.

रात्री घामाने भिजलेली चादर बदलावी लागेल. अकरा वाजलेले असतील, भिंतीपलीकडे माणसं झोपलेली असतील आणि पाण्याची टोपली दाबली की यंत्र ट्रॅक्टरसारखं गडगडतं. अशा वेळी चंद्रकोर दाबून बघा.

आवाजच येत नाही. तीन वर्षं ती त्यासाठीच तिथे होती.