एकच पट्टा दोघांना बांधू नका

"लांबच्या विमानप्रवासात दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घ्या आणि आपलाच पट्टा दोघांभोवती आवळा, तेच सर्वांत सुरक्षित," असा मेसेज फिरतो आहे. हे चुकीचं आहे, आणि घातकही. जोराचा धक्का बसला तर पट्टा आणि मोठ्या माणसाचं अंग यांच्यामध्ये बाळ चेंगरतं. (काही विमान कंपन्या बाळासाठी वेगळा जोडपट्टा देतात, ती गोष्ट निराळी.) नुसतं हातांनी धरावं, तर अशा धक्क्यात पकड टिकत नाही. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे: बाळाला स्वतंत्र जागेवर, मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्ये बसवा. ही सीट शक्यतो खिडकीशी लावतात, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. जादा तिकिटाचा खर्च होतो, हे खरंच.

'बॅसिनेट मिळालं की रात्रभर निश्चिंत' हा त्याच मेसेजमधला दुसरा दावा अर्धाच खरा. बॅसिनेट म्हणजे पुढच्या रांगेसमोरच्या भिंतीला लावलेला बाळाचा छोटा पाळणा. उड्डाण करताना, उतरताना आणि हादरे बसू लागले की बाळाला उचलावंच लागतं, भले ते नुकतंच झोपलेलं असो. शिवाय त्या पुढच्या रांगेतले हातटेकू बहुधा वर होत नाहीत, त्यामुळे थोरल्या भावंडाला आडवं होता येत नाही. आणि ऐसपैस म्हणून सुचवलेली आपत्कालीन दाराजवळची रांग? तिथे लहान मुलांना बसूच देत नाहीत.